साडू आणि कोंढ्याचं देवधान

जगातली माणसं एकमेकांना पगारावरून, घरावरून, नाहीतर पायातल्या चपलेवरून जोखतात. आमचे साडू माणसाला त्याच्या गावच्या तळ्यावरून जोखतात, आणि एकदा जोखलं की ब्रह्मदेव आला तरी मत बदलत नाहीत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अड्याळला एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी उभा जन्म जीवशास्त्र शिकवलं. नवा माणूस भेटला की आपण नाव विचारतो, काम विचारतो. हे विचारायचे, गाव कोणतं, गावाला तळं आहे का, तळ्यात देवधान उगवतं का, आणि उगवत असेल तर त्याच्या कुसळाचा रंग कोणता. पहिल्या तीन प्रश्नांपर्यंत माणसं तग धरत. चौथ्याला समोरचा घड्याळ बघू लागे. एकदा भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या बसमध्ये त्यांना आंबागडचा कंडक्टर भेटला आणि दुर्दैवानं त्याला चौथ्या प्रश्नाचंही उत्तर येत होतं. लहानपणी तो म्हशीमागे गावच्या तळ्यात डुंबलेला. दोघांचं बोलणं इतकं रंगलं की अड्याळ आलं आणि गेलं. साडू उतरायचं विसरले, कंडक्टर घंटी मारायची विसरला आणि थेट पवनीच्या स्टँडवर दोघांना जाग आली. त्या दिवशी बारावीच्या पोरांचे दोन तास बुडाले, पण साडूंच्या वहीत आंबागडच्या तळ्याची अर्ध्या पानाची भर पडली.

देवधान म्हणजे रानातलं धान, जंगली भात. ते कोणी पेरत नाही, कोणी रोवत नाही. तळ्याच्या काठाला उथळ पाण्यात आपलं आपण उगवतं, पिकलं की दाणे चिखलात गाळून मोकळं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर. आमच्या भंडारा जिल्ह्यात तळ्यांना तोटा नाही, त्यामुळे देवधानालाही नाही. म्हशी ते खातात, बगळे त्यात उभे राहतात, आणि माझ्यासारखी माणसं आयुष्यभर त्याच्या शेजारून जातात आणि त्याला गवत समजतात. साडूंच्या मते या गवतात जेवढं राजकारण आहे तेवढं विधानसभेत नाही. त्याचं कारण असं की या झाडाला परागासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागत नाही. फूल पुरतं उघडायच्या आतच आतल्या आत सगळं उरकून जातं. "वारा नको, माशी नको, मध्यस्थ नको," असं ते सांगायचे, आणि तेही नेमकं लग्नाच्या मांडवात, वरपक्षाच्या पंगतीत बसून. त्यामुळे होतं काय, की एका तळ्यातली सगळी झाडं एकमेकांची सख्खी भावंडं, आतून बाहेरून सारखी. आणि पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या, पलीकडे कोसभरावर दुसरं तळं असेल तर तिथली मंडळी पार वेगळ्या घराण्याची. शेकडो पिढ्या शेजारी राहून सोयरीक म्हणून नाही. माणसात असं कुठं असतं का, असं मी एकदा विचारलं. तुमच्या कचेरीत असतं, असं उत्तर त्यांनी दिलं.

या वेडाची सुरुवात आमच्या सासुरवाडीला झाली, म्हणून त्यात आमच्या घराण्याचाही थोडा दोष आहे. आमची सासुरवाडी कोंढ्याची. साडू मुलगी बघायला कोंढ्याला आले तेव्हा पोहे तयार, मुलगी तयार, आणि नवरदेवाचा पत्ता नाही. हात धुवायला म्हणून मागच्या दारानं गेलेला माणूस परत येईना. सासऱ्यांनी माणूस पाठवला, तर हे तळ्यात गुडघाभर पाण्यात, मुलगी बघायला म्हणून शिवलेली पँट वर दुमडून, एक लोंब डोळ्याजवळ धरून उभे. कोंढ्याच्या देवधानाची कुसळं लाल असतात. दाण्याच्या टोकाला बोटभर लांब, कुंकवात बुडवून काढल्यासारखी. बाकी सगळीकडे ती पिवळट नाहीतर पांढरी. हे साडूंना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ते तसेच ओल्या पायांनी बैठकीत आले, मुलीकडे एकदा पाहिलं आणि पसंत आहे म्हणाले. सासऱ्यांना वाटलं, पोरगा चिखलाला लाजत नाही, म्हणजे कष्टाळू असणार. ताई, म्हणजे माझी मेहुणी, अजूनही सांगते की त्या दिवशी यांनी आधी पसंत केला तो तलाव, आणि तलाव एकटा देत नाहीत म्हणून मला करून घेतलं.

त्यांच्या घरी गेलं की पहिला इशारा ताई द्यायची, की काडीपेटीला हात लावू नका. घरात शेकडो काडीपेट्या आणि एकीतही काडी नाही. प्रत्येकीत एका तळ्याचं धान, वर बारीक अक्षरात गावाचं नाव, दिशा, पाण्याची खोली. एकदा शेजारणीनं गॅस पेटवायला म्हणून हाताशी आलेली पेटी उघडली आणि कुठल्याशा गावाचा पूर्व काठ ओट्यावर सांडला. तेव्हापासून खरी काडीपेटी ताईनं सिलिंडरला सुतळीनं बांधून ठेवली आहे. बैठकीच्या भिंतीवर, जिथं लोकांच्या घरी लग्नाचा फोटो असतो तिथं, साडूंनी एक काळं चित्र मढवून लावलं होतं. काळ्यावर पांढऱ्या पट्ट्याच पट्ट्या. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत त्यांनी देवधानाची पानं पाठवली होती, त्यांच्या आनुवंशिक तपासणीचं हे चित्र. पाहुणे बसले की हळूच विचारत, एक्सरे कुणाचा आहे, बरं आहे का आता. साडू उठून पट्ट्यांवर बोट ठेवून दाखवत, हे कोंढ्याचे, बघा सगळे एकासारखे एक, आणि हे पलीकडचे अड्याळचे, यांची चालच वेगळी. पाहुणे मान डोलवत आणि मनातल्या मनात रुग्णाला आराम पडो म्हणत.

त्यांच्यासोबत प्रवास करणं हा एक स्वतंत्र भोग होता. मोटरसायकलवर मागं बसलो की पाळ दिसली रे दिसली की गाडी थांबायची. मी एकदा मोजत बसलो होतो, मग मोजणंही सोडलं. आम्ही दोन्ही कुटुंबं आंबागडचा किल्ला बघायला गेलो, तेव्हा सगळे वर चढले, फोटो काढले, डबे खाल्ले, उतरले, तरी साडू खाली तळ्यातच. किल्ला कसा होता, असं त्यांनी विचारलं नाही. वरून तळ्याचं पाणी कुठवर दिसतं एवढंच विचारलं. मी बघितलं नव्हतं. त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की मी खरोखरच फुकट चढलो असं मला वाटायला लागलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा माणूस पुरता कळायचा नाही, आणि त्यात माझी जी काही शोभा झाली ती लपवून तरी किती दिवस लपवणार.

आमच्याकडे ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगर लागलेल्या जमिनीतला दाणा त्या दिवशी चालत नाही. म्हणून देवधानाला त्या दिवशी मोठा मान. मागच्या हंगामात कोणी टोपलीनं झोडून आणलेलं असलं तर ते जपून ठेवतात, कांडतात, त्याचा भात करतात. तो तांदूळ आखूड, लालसर, आणि मिळतो तो मूठ दोन मूठ. ज्या घरात देवधानाच्या शेकडो पेट्या, त्या घरात ताईनं मात्र तीस वर्षं भगर खाऊन ऋषिपंचमी काढली. ती दर वर्षी मागायची, साडू दर वर्षी नाही म्हणायचे. नमुना शिजवत नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः तर त्यांनी ते कधी तोंडातही घातलं नव्हतं.

एका हिवाळ्यात त्यांच्या घरी उंदीर झाले. कोंढ्याच्या सगळ्या पेट्या उंदरांनी फोडल्या. लाल कुसळांची उंदरांनाही पारख होती म्हणायची. सुदैवानं त्याच सालच्या शरदात साडूंनी कुंड्यांत पेरून बघायला म्हणून कोंढ्याचं डबाभर बी गोळा केलं होतं. तो बिस्किटाचा डबा घेऊन ते भंडाऱ्याला आमच्या घरी आले. तुमच्याकडे ठेवा म्हणाले. माझ्यावर एवढा विश्वास कशाबद्दल, म्हणून मी सुखावलो. त्यांनी कारणही सांगितलं. मी आळशी आहे, माझ्या घरात ठेवलेली वस्तू वर्षानुवर्षं हलत नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं. मी डबा बायकोकडे दिला. तिनं धान बघितलं आणि देवघराखालच्या कपाटात ठेवलं. ते कशासाठी आहे हे मी तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही, कारण तिला वाटलं की कळलंच.

मग उन्हाळ्यात कोंढ्याचं तळं खोदलं. गाळानं ते पार भरून आलं होतं, गुरांना चैत्रातच पाणी पुरेना, म्हणून गावानं ठरवून गाळ काढला. काम चांगलंच होतं आणि वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. साडू त्या वेळी बारावीचे पेपर तपासायला नागपुरात अडकले होते. परत येऊन बघतात तर तळं घासलेल्या पातेल्यासारखं स्वच्छ. काठाचा चिखल गेला, चिखलातलं बी गेलं. त्यांनी मला फोन केला. मी दुपारचा जेवून आडवा झालो होतो, हातात आंब्याची फोड होती. त्यांनी सांगितलं की तलाव खोदला, आता कोंढ्याचं जे काही आहे ते तुमच्या डब्यातच आहे. मी हो हो म्हणालो. फोड संपवली आणि झोपलो. एवढीच माझी चूक, पण चूक करायला याहून जास्त वेळ लागतच नाही.

भाद्रपदात ऋषिपंचमी आली. मी कचेरीतून आलो तेव्हा घरात भाताचा असा वास होता, की मी कपडेही न बदलता पाटावर बसलो. उपास बायकोचा, पण दोन घास मलाही वाढले. लालसर भात, वर घरचं तूप, बाजूला बिनतेलाची भाजी. मी आणखी मागितला. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर कौतुकानं विचारलं की यंदा देवधान कुठून मिळवलंस. ती सहज म्हणाली की भाऊजींनी नाही का आणून ठेवलं होतं, ताईला कधी देत नाहीत, मला मात्र न मागता दिलं, माणूस मनाचा मोठा आहे.

घास तोंडात होता. गिळावा की काढावा हे मला कळेना, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

मी उठून डबा बघितला. रिकामा, वर घासून पालथा घातलेला. बायकोनं एक दाणाही वाया जाऊ दिला नव्हता. तिला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती मला म्हणाली, "तुमाले माहीत होतं तर मले सांगितलं काहून नाही?" आम्ही दोघं मागच्या अंगणात उखळाजवळ गेलो. मी चष्मा लावून कोंडा चाळत बसलो. सरकारी नोकरीत इतक्या बारकाईनं मी कधी एखादी फाइल चाळली असेल असं मला वाटत नाही. सालासकट असे पाच दाणे सापडले. त्यातले दोन मुसळानं चेपलेले. ते पाच मी लग्नपत्रिकेच्या पाकिटात घातले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून अड्याळला गेलो.

वाटेत मी बोलायची वाक्यं पाठ केली होती. पहिल्याच वाक्याला साडूंनी पाकीट हातात घेतलं, दाणे तळहातावर ओतले, खिशातलं भिंग काढलं आणि एकेक बघितला. पाचही नासलेले होते. काही कांडल्यानं, काही नुसते पोचट. माझी वाक्यं संपली. ताई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी मनातल्या मनात शिव्यांची तयारी ठेवली होती, आणि खरं सांगतो, दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. साडूंनी दाणे एकेक करून परत पाकिटात घातले. मग त्यांनी विचारलं, "चव कशी होती जी?"

मी म्हणालो, चांगली होती. थोडी गोडसर, खाली मातीचा वास. त्यांनी मान हलवली आणि वहीत ते लिहून घेतलं.

त्यानंतर महिनाभर त्यांचा फोन नाही. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या तळ्याची खबर देणारा माणूस गप्प झाला, तेव्हा मला कळलं की त्या फोनला मी किती वर्षं वैतागत होतो आणि किती वर्षं वाट बघत होतो. ताईकडून कळायचं. सुट्टीच्या दिवशी ते कोंढ्याला जातात, तळ्याच्या काठानं फेऱ्या मारतात, चिखलात कुठं एखादं रोप उरलं असेल म्हणून बघतात आणि हात हलवत परत येतात. भिंतीवरच्या चित्रापुढे उभे राहतात. कोंढ्याच्या पट्ट्यांवर बोट ठेवतात आणि काढून घेतात. माझ्यामुळे एक आख्खं घराणं बुडालं होतं, आणि मी ते तुपाबरोबर खाल्लं होतं. त्या महिन्यात मला भाताचं ताट नको वाटायचं. बायको पोळ्या करायची, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवायचो.

आश्विन लागला आणि एके सकाळी कोंढ्याहून आमच्या साळ्याचा फोन आला. साळा म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ, तिथली शेती तोच बघतो. बघतो म्हणजे खरोखर नुसता बघतोच. यंदा मजूर मिळाले नाहीत या सबबीवर त्यानं निंदणही केलं नव्हतं. तो तक्रार करत होता. त्याच्या तळ्याकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बारीक धानाच्या मधून काहीतरी भलतंच उंच निघालं आहे, रोप होतं तोवर धानासारखंच दिसत होतं, आता लोंबी आल्यावर ओळखू आलं, आणि सगळ्या गावात त्याचं हसं होऊन राहिलं आहे. मी नेहमीप्रमाणे हो हो म्हणणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "लाल लाल मिशा आहेत भाऊजी त्याले. उद्या उपटून टाकतो."

मी पलंगावरून उठलो. आयुष्यात इतक्या चपळाईनं मी कधी उठलो नसेन. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ गेला कुठं, हा साधा प्रश्न मला त्या क्षणी पडला, आणि साडूंना तो पडलाच नव्हता. गावातल्या शेतकऱ्यांनी ट्रॉल्या भरभरून गाळ आपापल्या शेतात नेऊन टाकला होता. साळ्याची बांधी तळ्याला सगळ्यांत जवळ, म्हणून त्याच्याकडे सगळ्यांत जास्त. बी गाळात झोपलेलं होतं, आणि गाळाबरोबर बैलाच्या शेतात येऊन पडलं होतं. साडूंनी काठाचा इंच न् इंच पालथा घातला, पण शेताकडे ढुंकून पाहिलं नाही. रानटी धान आणि नांगरलेली जमीन यांचा काही संबंध असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नसतं. तीस वर्षं त्यांनी शेतांकडे पाठ करूनच तळी बघितली होती.

मी साळ्याला सांगितलं की त्या बांधीत पाय ठेवलास तर माझ्याशी गाठ आहे. मग स्कूटर काढली, अड्याळला जाऊन साडूंना मागं बसवलं आणि कोंढ्याला थोडं काम आहे एवढंच म्हणालो. उगाच आशा लावायची भीती वाटत होती. मिशा लाल म्हणजे साळ्याच्या डोळ्याला लाल, त्याचं काय सांगावं. वाटेत तीन तळी लागली. साडूंनी एकाही ठिकाणी थांबा म्हटलं नाही, तेव्हा मी स्कूटर आणखी जोरात पळवली.

बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, मी स्कूटर लावली. बारीक धान कमरेइतकं, आणि त्याच्या वर, वाऱ्यानं हलणारी, ती. माझ्यासारख्या माणसालाही दिसली. साडू उतरले आणि उभेच राहिले. मग चपला काढून आत शिरले. साळा काही विचारणार होता, मी त्याला हातानं गप्प केलं. साडू एका झाडापाशी गेले, भिंग लावलं. दुसऱ्यापाशी गेले. तिसऱ्यापाशी. मला कळत होतं की ते काय शोधतात. शेजारी बारीक धान कमरेला लागून उभं होतं. त्याच्याशी सोयरीक झाली असती, तर कोंढ्याचं घराणं असूनही नसल्यासारखं. सगळी बांधी फिरून ते परत आले तेव्हा पँट मांडीपर्यंत चिखलानं भरली होती. ते धुऱ्यावर बसले.

"सगळे सारखे," ते म्हणाले. "एकाचंबी कुसळ पिवळं नाही. लोंब तशीच, दाणा तसाच. धानात राहून धानाचं काही घेतलं नाही जी याहीनं." आणि त्यांनी मनगटानं डोळे पुसले. चिखल कपाळापर्यंत लागला. कुसळावरून सगळं कळत नाही, पुढच्या साली यांच्या बियांच्या रोपांची पानं पाठवून पुन्हा पट्ट्या बघाव्या लागतील, हेही त्यांनी मागाहून सांगितलं, पण ते नुसतं नियमाला धरून. चेहऱ्यावरून त्यांची खात्री पटलेली होती. मला इतकं हलकं वाटलं, की साळ्याच्या आळसाला मी तिथल्या तिथं नमस्कार केला. त्यानं एक दिवस जरी मन लावून शेती केली असती तर आमचं सगळं संपलं होतं. तो भाबडेपणानं विचारत होता, की मग आता उपटू का.

देवधानाचे दाणे पिकले की हात लागायच्या आधी गळतात. म्हणून साडूंना लोंबींना पिशव्या बांधायच्या होत्या, आणि एवढ्या पिशव्या कुठून आणणार. ताईनं जुन्या धोतराचे तुकडे शिवले, बायकोनं ओढण्या फाडल्या, आणि तरी कमी पडल्या तेव्हा माझे कचेरीचे मोजे गेले. पंधरा दिवस कोंढ्याच्या त्या बांधीत धानाच्या वर काळे आणि राखाडी मोजे डोलत होते. येणारा जाणारा थांबून विचारायचा की हे कोणतं नवीन खत आहे. मी रोज कचेरीत बिनमोज्याचा जायचो आणि रोज संध्याकाळी फोन करून विचारायचो, पाऊस तर नाही ना, वारा तर नाही ना. पुढं साडूंचा फोन सकाळीच येऊ लागला आणि मला विचारायचं काम उरलं नाही.

बी जमलं. अर्धं साडूंनी चार घरी वाटून ठेवलं, आणि प्रत्येक घरी बाईला बसवून नीट समजावून सांगितलं की हे शिजवायचं नाही. उरलेलं घेऊन आम्ही तळ्यावर गेलो. पाणी उतरत होतं, काठाला नवा चिखल धरू लागला होता. साडूंनी मला टोपलीतली मूठ दिली. मी मागं सरलो. माझ्या हातून नको, म्हणालो. त्यांनी मूठ माझ्या हातातच राहू दिली. "तुमी खाल्लं ना साडूभाऊ," ते म्हणाले, "मंग तुमीच टाका." मी टाकली. कुसळं तळहाताला धरून बसली, पाण्यात हात हलवून सोडवावी लागली.

मागच्या वर्षी साडू निवृत्त झाले. त्यांचा मुलगा हैदराबादला असतो, तो दोघांनाही घेऊन गेला. तिथं म्हणे चौदाव्या मजल्यावर घर आहे, खाली पोहायचा तलाव आहे आणि त्यात काहीही उगवत नाही. साडूंनी तिथल्या वॉचमनला गाव विचारलं, तळं विचारलं, पण तो पाटण्याकडचा निघाला आणि बोलणं कुसळापर्यंत पोचलं नाही. ताई सांगते, यांचा वेळ जात नाही.

यंदाच्या आश्विनात मी एकटाच कोंढ्याला गेलो. खरं तर बायको म्हणाली होती की पुढच्या रविवारी जाऊ, पण मला दम निघाला नाही. काठानं फिरलो. उत्तरेच्या अंगाला उथळ पाण्यात ती झाडं उभी होती, फार नाही, हातभर रुंद पट्टा असेल. मी पँट वर केली, आत शिरलो आणि फोन लावला. किती आहेत विचारलं, मी मोजून सांगितली. पाणी किती विचारलं, मी पोटरीपर्यंत म्हणालो. मग त्यांनी कुसळाचा रंग विचारला.

"लाल," मी म्हणालो.

"सगळ्याहीचा?"

मी पुन्हा एकेक झाड बघत पट्ट्याच्या त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. फोन कानालाच होता. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"सगळ्यांचा," मी म्हणालो.

बरं झालं, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं की वारा आहे का तिथं. मी आहे म्हणालो, आणि फोन झाडांच्या जवळ धरून उभा राहिलो.